स्वतंत्र गायक-वादकांनी रसिकांची ईमेल यादी कशी वाढवावी?

गच्चीवरचा तानपुरा

आम्ही दोघं मराठीत स्वतःच्या चाली बांधून गातो. पुण्यात आणि अधूनमधून नाशिक, कोल्हापूरला ८० ते १५० खुर्च्यांच्या छोट्या सभागृहांत तिकीट लावून कार्यक्रम होतात. इन्स्टाग्रामवर साधारण ११ हजार, यूट्यूबवर ४ हजार लोक आहेत. पण कार्यक्रमाची घोषणा यातल्या कितीजणांना दिसेल, हे आमच्या हातात नाही. म्हणून स्वतःची ईमेल यादी करायची ठरवली आहे. दिवाळीत सहा गाण्यांचा संच येतोय, हाताशी पाचेक महिने आहेत.

सध्या जवळ आहेत ते जुन्या तिकीट-फॉर्मातले १४० पत्ते. ते सरळ यादीत घालावेत का? कार्यक्रमात पत्ते कसे मागावेत की ओशाळल्यासारखं होणार नाही आणि मिळतीलही? कोणती सेवा घ्यावी? आणि मुळात मराठी श्रोता ईमेल वाचतो का? अनुभवी मंडळींनी नेमकं सांगावं, ही विनंती.

मध्यंतर

सुरुवात कार्यक्रमापासूनच करा. तिकीट काढून दीड तास समोर बसलेला माणूस पत्ता देतो तो तुमचं पुढचं गाणं ऐकायला. रील बघणाऱ्याला तुमचं नावही लक्षात नसतं. ११ हजारांचा आकडा तूर्त विसरा.

मागायची वेळ शेवटून दुसऱ्या गाण्याच्या आधीची. सुरुवातीला मागितलं तर लोकांनी अजून काही ऐकलेलं नसतं, आणि शेवटचं गाणं संपलं की मन पार्किंगमध्ये आणि शेवटच्या बसकडे गेलेलं असतं. बोलायचं ते असं: "आत्ता झालं त्या गाण्याचं आजचंच ध्वनिमुद्रण आठ दिवसांत तुम्हाला पाठवतो. पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ईमेल आणि गाव लिहा. महिन्यातून एक पत्र येईल, नको झालं तर एका क्लिकवर बंद." एवढंच. मग ४० सेकंद गिटारवर पुढच्या गाण्याची सुरावट हलकी वाजत ठेवा आणि गप्प राहा. गायक बोलत राहिला की लोक मान वर करून त्याच्याकडे बघतात, फॉर्म अर्धाच राहतो. "आम्हाला सपोर्ट करा" हे वाक्य टाळा. काय मिळणार हे सांगितलंत की ओशाळायचा प्रश्नच येत नाही.

कोडचं माप अंतराच्या एक दशांश धरा. शेवटची रांग १५ मीटरवर असेल तर पडद्यावरचा कोड दीड मीटर हवा. खुर्चीवर ठेवायच्या कार्डावर ३ सेंटिमीटर पुरतो. पांढऱ्यावर काळा, आणि चारही बाजूंनी कोडच्या चार चौकोनांइतकी कोरी जागा. मरून रंगाच्या कागदावर सोनेरी कोड छापला की दिसतो छान, पण बरेच फोन तो वाचत नाहीत. पडद्यावर दाखवताना सभागृहातले दिवे अर्धे लावायला सांगा, कारण काळोखात पडदा कॅमेऱ्याला झगझगीत दिसतो. कोडमधला वेबपत्ता जितका छोटा तितके त्यातले चौकोन मोठे, म्हणून लांबलचक फॉर्मची लिंक थेट कोडमध्ये घालू नका. स्वतःच्या डोमेनवरचा (म्हणजे इंटरनेटवर तुमच्या नावाने घेतलेल्या जागेचा) छोटा वेबपत्ता घाला आणि तो फॉर्मकडे वळवा. फुकट "डायनॅमिक" कोड (छापल्यावरही आतली लिंक बदलता येते असा) देणाऱ्या काही सेवा ठरावीक दिवसांनी कोड बंद करून पैसे मागतात. तोवर तुमची हजार कार्डं छापून झालेली असतात.

तळघरातल्या किंवा जाड भिंतींच्या सभागृहात नेट नसतं, म्हणून वही हवीच. वही कोऱ्या कागदाची घ्या, रेघांची नको. ईमेलमधला अंडरस्कोअर रेघेवर पडला की दिसतच नाही आणि पत्ता चुकतो. कॉम ऐवजी कॉन, जीमेलच्या स्पेलिंगमधली उलटापालट, एल आणि एक, ओ आणि शून्य या नेहमीच्या चुका. वहीजवळ एक माणूस बसवा आणि लिहून झाल्यावर त्याने पत्ता मोठ्याने वाचून दाखवायचा. टायपिंग त्याच रात्री करा, दोन आठवड्यांनी तेच अक्षर लागत नाही.

टेबल बाहेर पडायच्या दाराशी असावं, मंचाच्या कडेला नव्हे. नाट्यगृह असेल तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या खिडकीसमोर लोक फोन हातात घेऊनच उभे असतात. तिथे डोळ्यांच्या उंचीवर कोडचा एक ए-४ कागद लावण्यासाठी व्यवस्थापकांची परवानगी आधीच घ्या.

तिकिटांबद्दल: पोर्टलवरून विक्री असेल तर खरेदीदारांचे ईमेल आयोजकाला मिळतात का, आणि पुढे पत्र पाठवायची संमती वेगळी घेतली जाते का, हे करार करतानाच लेखी विचारा. मिळाले तरी चार तिकिटं एकाच पत्त्यावर असतात, उरलेले तिघं अनोळखीच राहतात. दारावर यूपीआयने पैसे घेतले तर फार तर नाव दिसतं, ईमेल मिळत नाही.

दिवाळी पहाटेचं आमंत्रण असेल तर गणित वेगळं असतं. प्रवेशिका प्रायोजकाने वाटलेल्या असतात आणि बरेचसे लोक त्या सकाळसाठी, ओळखीच्या गाण्यांसाठी आलेले असतात. तिथे संपूर्ण संचाची जाहिरात नको. तुमचं एकच स्वतःचं गाणं गा आणि त्याच्याच ध्वनिमुद्रणासाठी पत्ता मागा. पत्ते कमी येतील, पण ते खरे असतील.

खर्जातला नि

मध्यंतर यांनी मंचावरचं सांगितलं, मी मागचं सांगतो.

ते १४० पत्ते सरळ यादीत घालू नका. लोकांनी ते तिकिटासाठी दिले होते. त्यांना एकदाच एक छोटं मेल पाठवा: आम्ही कोण, तुम्ही पत्ता कुठल्या कार्यक्रमाला दिला होता, यापुढे महिन्याला एक पत्र पाठवणार आहोत, हवं असेल तर हे बटण दाबा. दाबलं नाही तर पत्ता पुसून टाका. १४० चे ४० उरले तरी वाईट वाटून घेऊ नका. पत्ते जितके जुने तितके त्यात बंद पडलेले जास्त, आणि पहिल्याच मेलला ढीगभर मेल परत आली की तुमच्या डोमेनची पत तिथेच घसरते.

हे साध्या जीमेलमधून बीसीसी टाकून करू नका. वैयक्तिक खात्याला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, सदस्यत्व बंद करायचं बटण नसतं, आणि घाईत बीसीसीऐवजी सीसीमध्ये पत्ते पडले तर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात.

आधी स्वतःचं डोमेन घ्या आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. दिवसाला ५ हजारांवर जीमेल पत्त्यांना पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही सक्तीचे, शिवाय एका क्लिकवर सदस्यत्व बंद करायची सोय हवी. तुम्ही त्या आकड्याच्या जवळपास नाही, तरी तिन्ही करून घ्या, तासाभराचं काम आहे. सेवा देईल त्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, टाकायच्या. इथे दोन चुका हमखास होतात. एक, एसपीएफची आधीची नोंद असताना दुसरी नवी टाकली जाते. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते, दोन झाल्या की तपासणीच फसते, म्हणून जुन्या नोंदीतच नवी सेवा जोडा. दुसरी चूक म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचा पत्ता ठेवून दुसऱ्याच सेवेतून मेल पाठवणं. असं मेल बनावट समजून स्पॅममध्ये जाऊ शकतं. डीमार्कचं धोरण सुरुवातीला "नन" (काही अडवू नका) ठेवा, अहवाल एका वेगळ्या पत्त्यावर मागवा, सगळं नीट जातंय असं दिसलं की "क्वारंटाइन" (संशयित मेल स्पॅममध्ये टाका) करा.

स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधीच पोचू देऊ नका, असं गूगल सांगतं. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. तुमची यादी २०० ची असेल तर एकाच माणसाने स्पॅमचं बटण दाबलं तरी अर्धा टक्का झाला. म्हणून लहान यादीत नको असलेला एकही माणूस परवडत नाही. सदस्यत्व बंद करायची लिंक पत्राच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरांत दडवू नका. ज्याला ती सापडत नाही तो स्पॅमचं बटण दाबतो.

यादीला मेल पाठवणाऱ्या सेवांबद्दल: ब्रेव्होच्या मोफत योजनेत दिवसाला ३०० मेल जातात, म्हणजे ४५० जणांच्या यादीला दोन दिवस लागतात, तिकीट खुलं झाल्याचं पत्र एक तृतीयांश लोकांना दुसऱ्या दिवशी मिळणं बरं नव्हे. किट या दुसऱ्या सेवेच्या मोफत योजनेत लोक जास्त बसतात, स्वयंचलित मेलमालिका मात्र तोकडी मिळते. या योजना कंपन्या वारंवार बदलतात, त्यामुळे खातं उघडायच्या दिवशी अटी वाचा आणि यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या रूपात) बाहेर काढता येते का ते आधी बघा. ओळखीत संगणकातलं कोणी असेल तर लिस्टमंक हे मेलयादीचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. मेल पाठवायला ॲमेझॉनची एसईएस ही सेवा जोडली तर हजार मेलना दहा सेंट पडतात, म्हणजे दहा रुपयांच्या आसपास. मात्र एसईएस सुरुवातीला बंदिस्त अवस्थेत असते: २४ तासांत २०० मेल आणि तीही फक्त पडताळलेल्या पत्त्यांना. त्यातून बाहेर काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे कळून उपयोग नाही. दोघांचाच गट असेल आणि कोणालाही सर्व्हर सांभाळायची आवड नसेल तर यात पडू नका, तो वेळ रियाजाला द्या.

फॉर्ममध्ये दोनच रकाने: ईमेल आणि गाव. नाव ऐच्छिक. गावाचा रकाना मोकळा ठेवला तर पुणे, पुणें, पूना, कोथरूड असं सगळं येतं आणि गाळणी लावता येत नाही. निवडायची यादी द्या: पुणे, मुंबई-ठाणे, नाशिक, कोल्हापूर-सांगली, नागपूर-विदर्भ, मराठवाडा, कोकण, गोवा, इतर राज्य, परदेश. नाशिकच्या कार्यक्रमाचं पत्र नागपूरकराला गेलं की पुढचं पत्र तो उघडत नाही.

दुहेरी संमती ठेवा, म्हणजे फॉर्म भरल्यावर आलेल्या मेलमधलं बटण दाबल्यावरच नाव यादीत जाईल. चुकीचे आणि यंत्रांनी भरलेले पत्ते तिथेच गळतात. माणसंही गळतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा ते मेल इंग्रजीत आणि कंपनीच्या सुरात असतं. ते मराठीत करा, विषयात तुमच्या गटाचं नाव घाला, बटणावर लिहा "हो, मला पाठवा". फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या पानावर "आता मेलबॉक्स उघडा, तिथे नसेल तर स्पॅममध्ये बघा" हे मोठ्या अक्षरांत हवं.

पाचवी पट्टी

माझं मत थोडं वेगळं आहे. मूळ प्रश्नातला शेवटचा भाग, म्हणजे मराठी श्रोता ईमेल वाचतो का, तो वर कोणी घेतलाच नाही. छोट्या सभागृहांत येणारा पन्नाशीपुढचा रसिक दिवसातून वीसदा व्हॉट्सॲप उघडतो. ईमेल त्याच्यासाठी बँक आणि विजेच्या बिलाचं ठिकाण आहे. तरुण मंडळींनाही ईमेल म्हणजे नोकरी वाटते. त्यामुळे "आज संध्याकाळी सात वाजता या" हा निरोप ईमेलवर विसंबून पाठवू नका.

व्हॉट्सॲपच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्या. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही, तसं तुम्हाला कळतही नाही. म्हणून नाव नोंदवताना त्याच क्षणी नंबर साठवून घ्यायला सांगा. ग्रुप करू नका: सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि दोन दिवसांत तिथे गाण्यापेक्षा सुप्रभातची चित्रं जास्त होतात. चॅनलवर कितीही लोक येऊ शकतात, पण त्यांचे नंबर तुम्हाला मिळत नाहीत, म्हणजे इन्स्टाग्रामसारखीच परिस्थिती. फॉर्मवर फोन नंबरचा रकाना ऐच्छिक ठेवा, त्याला स्वतंत्र चौकट द्या: "कार्यक्रमाची आठवण व्हॉट्सॲपवर हवी". ईमेलची संमती म्हणजे फोनची संमती नव्हे.

खर्जातला नि

@पाचवी पट्टी, आठवणीसाठी व्हॉट्सॲप, हे मान्य. पण मूळ यादी ईमेलचीच हवी, यावर मी ठाम आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली तेव्हा तिथे लाखो चाहते जमवलेल्या कलाकारांना त्यातल्या एकाचाही पत्ता सोबत नेता आला नाही. स्पॉटिफाय तुम्हाला श्रोत्यांचे आकडे आणि शहरं दाखवतं, माणसं देत नाही. ईमेलची यादी एका सेवेतून काढून दुसरीत टाकायला दहा मिनिटं लागतात. व्हॉट्सॲपवर मात्र पुरेशा लोकांनी तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि तो तुमचा घरचा नंबर असतो.

परदेशातल्या मराठी माणसाचा विचारही करा. न्यू जर्सी किंवा लंडनमधला श्रोता कार्यक्रमाला येणार नाही, पण संच विकत घेणाऱ्यांत तो असू शकतो, आणि ईमेल हे त्याचं रोजचं साधन आहे. भारतात रात्री साडेआठला पाठवलेलं पत्र उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळी अकराला आणि लंडनमध्ये दुपारी चारला पोचतं, म्हणजे तिन्हीकडे वाचण्याजोगी वेळ. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार अशा पत्राच्या तळाशी टपालाचा खरा पत्ता लागतो. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्टातला बॉक्स घ्या. युरोपात आणि ब्रिटनमध्ये कोणी कधी, कशासाठी संमती दिली हे दाखवता यायला हवं, म्हणून यादीत "तारीख" आणि "कुठून" असे दोन स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. सूत्र साधं आहे: कशासाठी ते स्पष्ट सांगून संमती घ्या, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं ठेवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. गाण्याच्या क्लासमध्ये वही फिरवणार असाल तर हे विसरू नका, आणि पत्ता पालकांचाच घ्या.

गच्चीवरचा तानपुरा

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. आणखी दोन गोष्टी विचारतो. पत्त्याच्या बदल्यात ध्वनिमुद्रण द्यायचं तर आमच्या सहापैकी दोन गाणी दुसऱ्यांच्या कवितांवर आहेत, ती देता येतील का? आणि इन्स्टाग्राम-यूट्यूबवरून काहीच येणार नाही का?

सहीनिशी

कवितांचं आधी. भारतात कवीच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९७० मध्ये निधन झालेल्या कवीची कविता ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हक्कात आहे. गाणं मोफत दिलं तरी ते वितरणच ठरतं, "आम्ही पैसे घेत नाही" हा बचाव चालत नाही. कवी किंवा वारस आणि गरज पडल्यास प्रकाशक यांची लेखी परवानगी घ्या, आणि पत्रात तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहून घ्या: चाल लावून गाणं, ध्वनिमुद्रण करणं, इंटरनेटवर मोफत किंवा विकत देणं. नुसतं "कार्यक्रमात म्हणायला हरकत नाही" एवढ्यावर पुढच्या दोन्ही गोष्टी येत नाहीत. पत्त्याच्या बदल्यात द्यायला मात्र स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल असलेलं गाणं निवडा, सगळी गुंतागुंत टळते. तबल्याला किंवा बासरीला कोणी असेल तर त्यांचीही लेखी संमती घ्या. सादरीकरणावर वादकाचा स्वतःचा हक्क असतो. आणि संच एखाद्या लेबलला एकहाती हक्कांनी दिला असेल तर त्यातलं काहीच मोफत वाटता येत नाही. करार वाचा.

काय द्यावं? जे दुसरीकडे मिळत नाही ते. स्पॉटिफायवर असलेलंच गाणं दिलं तर त्याला अर्थ नाही. त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण उत्तम, कारण "मी तिथे होतो" ही गोष्ट त्यात आहे. मिक्सरमधून थेट घेतलेल्या ध्वनिमुद्रणात टाळ्या आणि सभागृह जवळजवळ नसतं, म्हणून मधल्या रांगेत एक रेकॉर्डर ठेवा आणि दोन्ही मिसळा. मिसळताना रेकॉर्डरचा ट्रॅक थोडा आधी सुरू होईल असा सरकवून जुळवावा लागतो: आवाजाला १० मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, तेवढा फरक राहिला तर तबल्याचा प्रत्येक बोल दुहेरी ऐकू येतो. याशिवाय गाण्याचे शब्द, गिटारचे कॉर्ड आणि हार्मोनियमची सरगम एका पानावर, किंवा नुसत्या साथीचा ट्रॅक. घरी गाणारे-वाजवणारे तुमच्या श्रोत्यांत भरपूर असतील, त्यांना हे गाण्याइतकंच आवडतं.

फाइल मेलला जोडू नका. पाच मिनिटांचं ३२० केबीपीएसचं एमपी३ सुमारे १२ एमबी होतं, लिंक द्या. ड्राइव्हवर ठेवलं तर "लिंक असलेल्या कोणालाही" ही परवानगी दिली आहे का, ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. नाहीतर प्रत्येक श्रोता परवानगी मागतो आणि तुम्ही रात्रभर मंजुऱ्या देत बसता. आयफोनवर उतरवलेली फाइल कुठे गेली हे अनेकांना सापडत नाही, म्हणून शेजारी थेट ऐकायची लिंकही ठेवा. बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर मोफत डाउनलोडच्या बदल्यात ईमेल मागायची सोय आहे आणि ती यादी बाहेर काढता येते. मोफत डाउनलोडची महिन्याची मर्यादा तेवढी लक्षात ठेवा.

इन्स्टाग्राम-यूट्यूबवरून येतात, पण हळू. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबता येत नाहीत, तिथे लिंक टाकून वाट बघू नका. लांब व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या ओळीत लिंक द्या. ती निळी होऊन दाबता येते का ते बघा, कारण त्यासाठी चॅनलवर प्रगत सुविधा चालू असाव्या लागतात. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक मेलेलीच असते. बायोमध्ये पाच लिंक देता येतात, पण एकच द्या, आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर वापरा. "बायोमध्ये लिंक आहे" या तीन शब्दांनी कोणी हलत नाही. गाण्याचा मुखडा रीलमध्ये ऐकवा, अंतरा कापा, आणि "पूर्ण गाणं संच येण्याच्या दहा दिवस आधी यादीतल्यांना" असं सांगा. आणि मग खरोखर द्या. ती तारीख चुकली तर यादीतला प्रत्येकजण ते लक्षात ठेवतो.

मध्यंतर

पत्रांच्या वेळापत्रकाबद्दल थोडं. पहिलं पत्र नाव नोंदवल्याच्या क्षणी आपोआप जायला हवं, त्यात कबूल केलेलं गाणं किंवा ते कोणत्या दिवशी येईल ते. शेवटी एक प्रश्न विचारा, जसं "आजचं कोणतं गाणं घरी गुणगुणताय?" उत्तर येईल असा खरा पत्ता ठेवा आणि प्रत्येक उत्तराला स्वतः उत्तर द्या. दोनशे जणांच्या यादीत हे सहज जमतं आणि याच्यासारखं दुसरं काही नाही.

पुढे महिन्याला एक. एका पत्रात एकच मुद्दा, एकच बटण. तिकीट, टी-शर्ट, नवा व्हिडिओ आणि सणाच्या शुभेच्छा एकत्र घातल्या की काहीच दाबलं जात नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं यादीला ४८ तास आधी खुली करा आणि पहिल्या चार रांगा त्यांच्यासाठी राखा. सहा महिने गप्प राहून एकदम तिकिटाचं पत्र पाठवलंत तर लोकांना तुम्ही कोण ते आठवत नाही आणि तक्रारी तिथूनच येतात.

कितीजणांनी उघडलं या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप पत्रातली चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. बटण किती दाबलं गेलं आणि उत्तरं किती आली ते मोजा. आणि प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ वहीत ठेवा: खुर्च्या किती भरल्या, नावं किती आली, कोणत्या गाण्याआधी मागितलं. चार कार्यक्रमांनंतर तुमच्या श्रोत्यांना कोणतं गाणं धरतं ते दिसेल, आणि मागायची जागा त्याच्यामागे हलवता येईल.

गच्चीवरचा तानपुरा

फॉर्म आज करून पाहिला, गावं मराठीतच ठेवली. पण यादी बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. आणि आमच्या डिझायनरने दिलेला मजकूर पत्रात चिकटवला की तोही इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो. दोन्हीचं कारण एकच का?

खर्जातला नि

नाही, कारणं वेगळी आहेत. यादीची फाइल बहुधा ठीक आहे, एक्सेल ती चुकीच्या संकेतांत वाचतंय. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये कोरं पान उघडा, "डेटा" मधून "टेक्स्ट/सीएसव्ही" निवडा आणि फाइल ओरिजिनच्या जागी यूटीएफ-८ घ्या. नाहीतर गूगल शीट्समध्ये आयात करा, तिथे सहसा अडत नाही. त्या बिघडलेल्या रूपात फाइल साठवू मात्र नका, एकदा साठवली की मूळ अक्षरं परत मिळवणं अवघड होतं.

डिझायनरचा मजकूर श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार. छपाईला तो चालतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. समोरच्याकडे तो फाँट नसला की खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या देवनागरीत) मागा किंवा परिवर्तकातून काढून घ्या, आणि काढल्यावर र्‍या, ऱ्ह, क्ष, ज्ञ आणि रफार डोळ्यांनी तपासा, परिवर्तक तिथेच चुकतात. यावर उपाय म्हणून संपूर्ण पत्र जाहिरातीसारखं एका चित्रात घालू नका. चित्रं बंद असलेल्याला पांढरा चौकोन दिसेल, आणि तारीख-ठिकाण मेलमध्ये शोधलं तरी सापडणार नाही.

वर्डमधून चिकटवतानाही साध्या मजकुराच्या रूपात चिकटवा. वर्ड सोबत ढीगभर अदृश्य कोड आणतं, आणि पत्राचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पत्र मध्येच कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे आपण त्या मर्यादेला इंग्रजीपेक्षा लवकर पोचतो. कापलेल्या भागात सगळ्यात आधी जाते ती तळाची सदस्यत्व बंद करायची लिंक. पाठवण्याआधी पत्र स्वतःच्या जीमेलवर, एका आयफोनवर आणि एका जुन्या अँड्रॉइडवर मागवून शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाऊन बघा.